मुंबईच्या टेकड्या व त्यांच्या पाखाड्या : उपलब्ध वाङ्मयाचें परीक्षण

अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं दोन ठळक गांवें आहेत. एकास चांदूर बाजार म्हणतात व दुसऱ्यास चांदूर रेल्वे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत चांदूर बिस्वा म्हणून आणखी एक चांदूर आहे. आम्ही राहतों तें दुसरें. भुसावळ-बडनेऱ्यावरून येणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला तो १८६७ सालीं. तेव्हां ज्या कागदांत ‘चांदूर रेल्वे’ असें स्पष्ट लिहिलेलें आहे तो कागद रेल्वे येण्यापूर्वींचा असूं शकत नाहीं, हें सांगण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. स्थळाच्या नांवास अर्थ असतो तसा काळहि असतो. नांव कोणीं दिलें, कोणत्या जागेस दिलें आणि केव्हां दिलें, या तीन प्रश्नांपैकीं पहिल्याचेंच उत्तर देऊन थांबणारी व्युत्पत्ति इतिहासाच्या कामीं अर्धीच उपयोगी पडते. ही साधी कसोटी मुंबईच्या टेकड्यांविषयीं जें लिहिलें गेलें आहे त्यास लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाडांतील माणसास मुंबईच्या टेकड्यांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर त्याच लोहमार्गांत आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, इंग्लंडच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानांतील कापसाचा पैसा मुंबईंत लोटला. त्या पैशावर समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ सालीं त्यांतील कित्येक बुडाल्या, तरी भराव घालण्याचें काम थांबलें नाहीं. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली; १८७५ सालीं ससून गोदी व १८८० सालीं प्रिन्सेस गोदी तयार झाली. भरावास माती आणि दगड लागतो, आणि बेटावर तो टेकड्यांतूनच मिळावयाचा. आमच्याकडील रुईच्या गांठी प्रथम कुलाब्यास आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून शिवडीस ज्या जागेवर उतरत, त्या किनाऱ्याच्या घडणींत मुंबईच्या टेकड्यांचा वांटा आहे. तेव्हां त्या टेकड्यांचा हिशेब विचारण्याचा अधिकार वऱ्हाडासहि पोंचतो.

मुंबई बेटाची रचना पाहतां टेकड्यांच्या दोन ओळी दिसतात. पश्चिमेस वाळकेश्वर, खंबाला व वरळी. पूर्वेस डोंगरी, नवरोजी हिल, माझगांवचा भंडारवाडा, घोडपदेव, परळकडील गोलंजी व शिवडी. उत्तरेस अंतोप, रावळी व शीव. या दोन ओळींच्या मधली जमीन सखल. यांतील सर्वांत उंच जी वाळकेश्वराची टेकडी ती सुमारें १८० फूट. देशावरच्या माणसास हीं केवळ टेंगळें वाटतील. पण ज्या बेटाचा मधला भाग भरतीच्या पाण्याखालीं जात असे, तेथें वस्ती कोठें झाली हें या टेंगळांनींच ठरविलें.

या विषयावरील मुख्य ग्रंथ वाचकांस ठाऊक आहेतच. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं निघालें. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा. जर्सन दा कुन्हा यांचा मुंबईच्या उत्पत्तीवरील इंग्रजी ग्रंथ १९०० सालचा, एडवर्ड्स यांनीं तयार केलेलें शहराचें तीन खंडी गॅझेटियर १९०९-१० चें, आणि शेपर्ड यांचें मुंबईंतील स्थळांच्या व रस्त्यांच्या नांवांवरील पुस्तक १९१७ चें. राजवाड्यांनीं ‘महिकावतीची बखर’ छापली ती त्यानंतर, १९२४ सालीं. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दा कुन्हा व एडवर्ड्स यांच्यापुढें राजवाड्यांची छापील प्रत नव्हती. उत्तर कोंकणची मराठी परंपरा त्यांनीं बिंबाख्यानासारख्या पोथ्यांतून घेतली. उलट बखरीचा रोख घराणीं, गांवें व वृत्ति यांवर आहे. टेकडीचा उतार कोणाकडे होता हें सांगणें तिचें काम नव्हे. यामुळें इंग्रजी ग्रंथांत टेकड्या आहेत पण मराठी कागद थोडे, आणि मराठी बखरींत माणसें आहेत पण टेकड्या थोड्या, अशी स्थिति झाली. हें दोन्ही बाजूंचें वाङ्मय एकमेकांस भिडविण्याचें काम अद्याप व्हावयाचें आहे.

प्रथम डोंगरी घेऊं. डोंगरी म्हणजे डोंगराळ जागा, हा अर्थ मराठी मुलासहि कळतो. परंतु कोणता डोंगर? १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें मुंबईवर स्वारी केली तेव्हां डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवून त्यानें इंग्रजांचा किल्ला जेरीस आणला. शत्रूस इतकी सोईची जागा किल्ल्याशेजारीं उभी राहूं देणें धोक्याचें होतें. डोंगरीचा जुना कोट पाडून टेकडी उतरविण्यांत आली व १७६९ सालीं तेथें फोर्ट जॉर्ज बांधण्यांत आला. पुढें १८६२ पासून शहराचा तट पडूं लागला तेव्हां तोहि गेला. त्याची स्मृति सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या नांवांत उरली आहे. आज ज्या मोहल्ल्यास लोक डोंगरी म्हणतात तो या जागेच्या बराच उत्तरेस आहे. म्हणजे डोंगर नाहींसा झाला, आणि नांव सरकून दुसरीकडे जाऊन बसलें. तेथें विणल्या जाणाऱ्या वा विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून ‘डंगरी’ हा शब्द इंग्रजींत गेला असें कोशकार मानतात. त्यामुळें नांवानें समुद्रहि ओलांडला. आतां सतराव्या शतकांतील एखाद्या कागदांत ‘डोंगरी’ आढळली व संशोधकानें ती आजच्या नकाशावर शोधली, तर त्याचें सगळें अनुमान मैलभर चुकेल. आमच्या मतें ‘डोंगरी म्हणजे टेकडी’ एवढ्यावर संतोष मानणाऱ्या व्युत्पत्तींत हा धोका झांकला जातो.

दुसरा दोष लिपीचा. मुंबईच्या उत्तर टोंकास असलेल्या ‘शीव’ या ठिकाणाचें नांव सरळ मराठी आहे. शीव म्हणजे सीमा. मुंबई आणि साष्टी यांच्या हद्दीवरील या टेकडीवर जेरार्ड आँजियरच्या कारकीर्दींत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, इंग्रजांनीं किल्ला बांधला. रोमन लिपींत ‘शीव’चें ‘सायन’ झालें, आणि मग त्याचा संबंध बायबलांतील सियोन डोंगराशीं लावण्यासहि लोक निघाले. तीच गत चौपाटीकडून वाळकेश्वरावर जाणाऱ्या जुन्या चढणीची. ‘सिरी रोड’ म्हणून जें नांव छापलें गेलें त्याच्या मुळाशीं शिडी हा शब्द मानतात. रोमन अक्षरांत ड आणि र यांचा घोटाळा झाला कीं यात्रेकरूची पायऱ्यांची वाट ही एका निरर्थक नांवाची सडक होऊन बसते. ज्या संग्राहकाजवळ या भागांतील मोडी कागद असतील त्यांनीं नांवाचें मूळ रूप जसेंच्या तसें उतरून घेतलें, तर असले वाद एका ओळीनें मिटतील. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नसला तरी ड आणि र यांस स्वतंत्र अक्षरें आहेत.

व्युत्पत्ति सर्वच टाकाऊ आहेत असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. खंबाला हें नांव कांबळ किंवा शिमटी या झाडावरून आलें, हें गॅझेटियरचें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. कारण त्यास शेजार आहे. चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी हीं नांवें त्याच बेटावर आहेत, आणि तीं सर्व झाडांवरून पडलेलीं आहेत. ज्या लोकांनीं चिंचेवरून पोकळी ओळखली त्यांनीं कांबळावरून टेकडी ओळखली, यांत नवल नाहीं. याउलट गिरगांव म्हणजे गिरीच्या पायथ्याचें गांव, ही व्युत्पत्ति सर्वत्र सांगितली जाते. तिला असा आधार मिळत नाहीं. आसपासच्या कोळी-आगरी-भंडारी वस्तींत ‘डोंगर’ शब्द बोलण्यांत असतां गांवाचें नांव पडतांना ‘गिरि’ कां यावा? शिवाय मराठवाड्यांत वसमत तालुक्यांतहि एक गिरगांव आहे. एकाच नांवाचीं सर्व गांवें जमवून त्यांची भूमि ताडून पाहिल्याविना अशी व्युत्पत्ति निकालांत काढूं नये. माझगांवचेंहि तसेंच. मत्स्यग्राम म्हणावें कीं ‘माझें गांव’ म्हणावें, हा वाद कानाला गोड लागतो; पण दोहोंपैकीं एकाहि पक्षानें जुन्या कागदांतील रूपांची कालानुक्रमानें यादी दिल्याशिवाय त्यास पुराव्याचें स्वरूप येत नाहीं.

वाळकेश्वरच्या टेकडीस दोन नांवें आहेत आणि तीं दोन निरनिराळ्या लोकांचीं आहेत. मलबारच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या समुद्री लुटारूंवरून इंग्रजी नांव पडलें असें सांगतात. मराठी नांव वाळूच्या ईश्वरावरून, रामानें वाळूचें लिंग केल्याच्या कथेवरून. जुनें देऊळ पोर्तुगीज काळांत मोडलें असें मानतात. १७१५ सालीं रामा कामती या सारस्वत गृहस्थानें तें पुन्हां बांधविलें. हाच रामा कामती १७२० सालीं आंगऱ्यांशीं फितूर असल्याच्या आरोपावरून इंग्रजांच्या न्यायासनापुढें उभा राहिला, आणि त्याच्याविरुद्ध दाखविलेला कागद बनावट होता असें पुढें ठरलें. या खटल्याची हकीकत सविस्तर वाचावयास मिळते. पण देवळाची जमीन कोणाची, दगड कोठला, बाणगंगेच्या कांठच्या धर्मशाळा, मठ व पुजाऱ्यांचीं घरें कोणत्या क्रमानें उठलीं, याविषयीं तेंच वाङ्मय हात आखडता घेतें. दक्षिण टोंकास गव्हर्नराचा बंगला, मध्यें पारशांचे दख्मे, माथ्यावर पाण्याचा हौद व त्यावरील बाग, पश्चिम उतारावर तीर्थ : एकाच टेकडीवर चार जगें नांदलीं. ग्रंथकारांनीं त्यांतील प्रत्येकाचें वेगळें प्रकरण केलें. टेकडी म्हणून तिचें एकत्र वर्णन मात्र त्यामुळें मागें पडलें.

पूर्वेकडील नवरोजी हिल हें नांव सुरतेच्या रुस्तुम माणकाचे चिरंजीव नवरोजी यांच्यावरून पडलें. हे गृहस्थ अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत कंपनीविरुद्ध दाद मागण्यासाठीं विलायतेस गेले होते. हें नांव ‘चांदूर रेल्वे’ प्रमाणेंच काळाचा शिक्का घेऊन आलेलें आहे. तें ज्या कागदांत येईल त्याची वरची मर्यादा आपोआप ठरते. असें नांव संशोधकाचें काम हलकें करतें.

माझगांवची भंडारवाड्याची टेकडी आम्हांस या सर्वांत अधिक बोधप्रद वाटते. येथें इंग्रजांचा कोट होता. १६९० सालीं सिद्दी परत जातांना तो उध्वस्त झाला. त्याच जागीं १८८४ सालीं शहराच्या पाण्याचा साठा बांधण्यांत आला, व त्यावरील बागेस पुढें टिळकांचे सहकारी काका जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव मिळालें. कोट, हौद आणि बाग असे तीन थर एका माथ्यावर बसले आहेत. काका बाप्टिस्टा यांचें घराणें खालच्या माथारपाखाडींतलें. आतां ‘पाखाडी’ हा शब्द पाहा. कोंकणांत चढावरील दगडी पायवाट किंवा पायऱ्या यांस पाखाडी म्हणतात, आणि त्याच वाटेच्या दोहों बाजूंस वसलेल्या वस्तीसहि तेंच नांव जातें. म्हणजे या एका शब्दांत टेकडी आणि तिची वस्ती यांचें नातें साठविलेलें आहे. भंडाऱ्यांचा वाडा, ख्रिस्ती कुटुंबांची पाखाडी, घोडपदेवाचें ठाणें, १६३२ सालीं बांधलेलें व पुढें पाडलें जाऊन भायखळ्यास हललेलें ग्लोरिया चर्च : हीं सर्व एका टेकडीच्या आजूबाजूचीं. शहराच्या थोर इतिहासांत माझगांव म्हणजे सिद्दीची स्वारी व गोदी. पाखाडींतील माणसास विचाराल तर माझगांव म्हणजे वरची विहीर, खालचा क्रूस आणि मधल्या पायऱ्या. दुसऱ्या प्रकारचें ज्ञान ग्रंथांत फार थोडें उतरलें आहे.

येथें माडगांवकरांकडे वळणें प्राप्त आहे. कारण त्या ज्ञानाच्या सर्वांत जवळ पोंचलेला ग्रंथकार तोच. १८१५ सालीं जन्मलेल्या या शिक्षकानें आपला ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध केला व १८६५ सालीं त्याचा अंत झाला. तट पडूं लागला होता, मोठे भराव अद्याप पुरे झाले नव्हते, आणि लॉटन यांची शहराची मोजणी १८६५ सालीं सुरू व्हावयाची होती. या दोन-तीन वर्षांच्या खिडकींतून जुनी मुंबई पाहून ती मराठींत लिहून ठेवणारा माणूस भेटला, हें आपलें भाग्य. देवळें, तळीं, बाजार, जत्रा, निरनिराळ्या जातींच्या रीती यांजकडे त्याची दृष्टि पायीं हिंडणाऱ्या माणसाची आहे. कचेरींत बसून अहवाल लिहिणाऱ्याची नाहीं. १९६१ सालीं न. र. फाटक यांच्या संपादनाखालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला व पुढें मुरली रंगनाथन यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, यावरूनहि त्याची योग्यता सिद्ध आहे.

तथापि ग्रंथाची थोरवी मानूनहि त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ऐकीव कथा, पाहिलेली गोष्ट आणि वाचलेला मजकूर यांत रेघ ओढण्याची रीत त्या काळच्या मराठी ग्रंथकारांत रूढ नव्हती, व माडगांवकर तीस अपवाद नाहीं. त्यापेक्षां महत्त्वाचें हें कीं, त्याचें वर्णन शहराची ओळख करून देण्यासाठीं आहे. स्थळ पुन्हां सांपडावें यासाठीं नाहीं. तो आपणांस देवळापर्यंत नेतो. पण देऊळ उद्यां पाडलें तर त्याची जागा ओळखण्यास लागणारीं मापें व दिशा पुरविण्याची चिंता त्यास नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढें शहर उभें होतें. तें आपल्यासाठीं असें नाहींसें होईल हें त्यानें काय म्हणून ध्यानांत आणावें?

मराठींत अशी चिंता कोणीं केलीच नाहीं असें मात्र नाहीं. चौदाव्या शतकांत महानुभावांनीं रचलेली ‘स्थानपोथी’ वऱ्हाडांतील संग्राहकांच्या परिचयाची आहे, वि. भि. कोलते यांनीं ती संपादून छापली. चक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले, बसले, जेवले तीं स्थानें पुढच्या पिढ्यांस वंदनासाठीं सांपडलीं पाहिजेत, हा तिचा एकमेव हेतु. म्हणून गांव कोणतें, देऊळ गांवाच्या कोणत्या दिशेस, त्याचें तोंड कोणीकडे, मठ, वडाचें झाड वा नदीचा कांठ त्यापासून कोणीकडे, हें ती शुष्कपणें सांगत जाते. तींत अलंकार नाहींत, व्युत्पत्ति नाहीं, कोणाची स्तुति नाहीं. परंतु सातशें वर्षांनीं आपण त्या गांवीं जाऊन तिच्या आधारें एखादें देऊळ कोठें असावें याचा अंदाज बांधूं शकतों. मुंबईच्या कोणत्याहि टेकडीविषयीं, इतकें विपुल वाङ्मय असतां, असें खात्रीनें म्हणतां येईल काय?

यावर आक्षेप येईल कीं, स्थानपोथी भक्तांची, ती श्रद्धेनें लिहिली. नगराच्या इतिहासास तिचा नमुना लावणें अप्रस्तुत. आमचें उत्तर असें कीं, मुंबईसाठीं स्थानपोथी नव्यानें रचावयाची गरज नाहीं. ती विखुरलेल्या स्थितींत अस्तित्वांत आहे. प्रत्येक जुन्या खरेदीखताच्या तळाशीं चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस डोंगराचा कडा, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस विहीर : असें लिहून घेणाऱ्यास इतिहासाची पर्वा नव्हती, शेजाऱ्यानें उद्यां जमीन बळकावूं नये एवढीच त्याची इच्छा होती. पण भक्तानें श्रद्धेपोटीं जें केलें तेंच जमीनमालकानें भयापोटीं केलें, आणि दोघांचाहि पुरावा सारखाच विश्वसनीय आहे. कारण चतुःसीमेंत खोटें लिहिलें तर चार शेजारी उठून उभे राहत.

मुंबईच्या जमिनींत तर या कागदांचे प्रकारहि अनेक. पोर्तुगीजांच्या ‘फझेंदा’ वरून आलेली फाजिंदारी, त्यांच्याच ‘फोरो’ वरून आलेली फोरस, तशीच टोका, इनाम, पेन्शन व टॅक्स : प्रत्येक धाऱ्याचा कागद निराळा व प्रत्येकांत सीमा आलेली. पोर्तुगीज, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चार भाषांतून एकाच उताराच्या सीमा लावून पाहतां आल्या, तर नाहींशा झालेल्या टेकडीची कड कागदावर पुन्हां आंखतां येईल. डोंगरी कोठून सुटली व कोठें जाऊन बसली, याचा निर्णय शेवटीं असल्या कागदांनींच होईल; ‘डोंगरी’ शब्दाच्या अर्थानें होणार नाहीं.

टेकड्यांच्या पोटांत काय होतें याची आठवण एकाच उदाहरणानें देतों. १९३१ सालीं परळ-शिवडी भागांत रस्त्याचें काम चाललें असतां शिवाची एक प्रचंड शिल्पशिला उघडी पडली. तिची उंची साडेतीन मीटरांच्या आसपास आहे. ती पांचव्या-सहाव्या शतकांतील मानतात व ती परळच्या बारादेवीच्या देवळांत पूजेंत आहे. ज्या बेटाचा इतिहास पुष्कळ लेखक पोर्तुगीजांपासून सुरू करतात, त्याच्या कुशींत घारापुरीच्या तोडीचें काम झालें होतें, हें खोदणाऱ्याच्या पहारीनें सांगितलें. ही शिला सांपडली म्हणून आपणांस कळलें. जे दगड ओळखले न जातां भरावांत गेले त्यांची गणति होणार नाहीं.

दगड गेले ते गेले. कागदांविषयीं मात्र संग्राहकांस अद्याप कांहीं करतां येण्यासारखें आहे. आपल्या मंडळींत बखर मिळाली तर आनंद, राजपत्र मिळालें तर उत्सव, आणि एखाद्या भंडारी, पाठारे प्रभु किंवा माझगांवकर ख्रिस्ती कुटुंबाचें खरेदीखत मिळालें तर तें रुमालाच्या तळाशीं, असा क्रम चालत आला आहे. टेकड्यांच्या बाबतींत हा क्रम उलटा करावा लागेल. अशा कागदाची नोंद करतांना तारीख व पक्षकारांचीं नांवें यांबरोबर चतुःसीमा अक्षरशः उतरून घ्यावी. स्थळनामाचें मूळ रूप सुधारूं नये. ‘वरची’, ‘खालची’, ‘कड्याखालील’, ‘पाखाडीवरील’ असे शब्द क्षुद्र म्हणून वगळूं नयेत. मुंबईची वंशावळ लिहिण्यास बखरी पुरतील. तिचे डोंगर पुन्हां उभे करावयाचे असतील तर हे चार दिशांचे चार शब्दच कामीं येणार आहेत. वऱ्हाडांतील ज्या घरांचा मुंबईच्या कापूसबाजाराशीं दोन-तीन पिढ्या संबंध होता, त्यांच्या पेट्यांतहि असे कागद असण्याचा संभव आहे. त्या पेट्या उघडतांना हिशेबाच्या वह्यांखालचीं खतें आधीं पाहावीं, इतकीच आमची विनंति आहे.